सतरा नावांची हजेरी

तव्यावर लोणी लावलेला पाव दाबला जात होता, काउंटरमागचा जेनेझियो माझ्या ग्लासात कॉफीवर दूध ओतत होता, आणि शेजारच्या उंच स्टुलावरची मुलगी एकदम वळून म्हणाली, "तुम्ही एव्हारिस्तो पाशेको ना? काका, तुमचं सगळ्यात भारी परीक्षण मी वाचलंय." मी आधी पोट आत घेतलं. खोटं कशाला बोलू, बहात्तराव्या वर्षीही कुणी ओळखलं की माझं पोट आपोआप आत जातं. एरवी लोक ओळखतात ते, "अहो, पुतणीला वेड्यांच्या इस्पितळात डांबणारे काका तुम्हीच ना?" असं म्हणून. एकदा तर भाजीबाजारात एका बाईने कांद्यांची पिशवी माझ्या पाठीत घातली होती, का तर मालिकेत मी तिच्या लाडक्या नायिकेचं पत्र जाळलं होतं. परीक्षण वाचलेला माणूस म्हणजे दुर्मीळ. मी शक्य तेवढ्या बेफिकिरीने विचारलं, "कुठल्या पेपरातलं?" ती म्हणाली, "पेपरातलं नाही हो. सेन्सॉरचं. 'हजेरी' नाटकाचं. एकोणीसशे बहात्तर."

जेनेझियोने ग्लास पुढे सरकवला. मी तो उचलला नाही. मुलगी बोलतच होती. तिचं नाव ताइना. चार-पाच पोरापोरींचा त्यांचा ग्रुप आहे आणि त्यांना 'हजेरी' बसवायचंय. लेखक-दिग्दर्शक अन्सेल्मो कधीच वारला, म्हणून ती परवानगी मागायला त्याच्या बायकोकडे, जुरेमाबाईंकडे गेली. जुरेमा म्हणाली, आधी त्या काळची फाइल काढ, बंदी नेमकी कशावरून आली ते मला कळू दे, मग बोलू. तर ही पोरगी ब्राझिलियाच्या सरकारी दप्तरखान्यात चार दिवस ठाण मांडून बसली आणि तिने ती फाइल काढली. "काका, अंगावर काटा येतो! संहितेत त्यांना काहीच सापडलं नव्हतं. एक शब्द खोडलेला नाही. नाटक अडलं ते तुमच्यामुळे! एका नटाने, नुसतं थांबून, त्या लष्करी सरकारला घाम फोडला! ते पान आम्ही मोठं करून थिएटरच्या फॉयरमध्ये लावणार आहोत." तिचे डोळे कौतुकाने चमकत होते. मी विचारलं, "जुरेमाला कळलं हे?" "परवाच टपालाने प्रत टाकली. आज पोचली असेल. त्यांना हल्ली दिसत नाही ना, पण म्हणाल्या, तू पाठव, माझ्याकडे हक्काचा वाचणारा आहे."

तो हक्काचा वाचणारा म्हणजे मी. गेली सहा वर्षं दर गुरुवारी मी जुरेमाकडे जातो. तिच्या नजरेच्या बरोबर मधोमध डाग पडलाय, कडेकडेचं तेवढं दिसतं. समोरच्या माणसाला बघायचं तर ती मान वळवून भिंतीकडे तोंड करते. नव्या माणसाला वाटतं बाई फुगली, मला सवय आहे. विजेचं बिल, पेन्शनचं पत्र, बहिणीची कार्डं, पेपरातल्या निधनवार्ता, सगळं मी वाचतो. निधनवार्ता तिला विशेष आवडतात. "आज कोण गेलं आपल्यातलं?" म्हणून विचारते, आणि कुणीच गेलेलं नसलं तर जरा खट्टू होते. आज गुरुवारच होता. मी पाव तसाच टाकून उठलो. जेनेझियो मागून ओरडला, "काय साहेब, लोणी कमी पडलं का?" मी नुसता हात हलवला आणि बाहेर पडलो.

बिशिगा वस्तीतला तो चढ मी तरुणपणी संवाद पाठ करत पळत चढायचो. आता दर वीस पावलांवर दुकानाच्या काचेत काहीतरी बघितल्यासारखं करून दम घ्यावा लागतो. मनात एकच घोळत होतं. तिने पाकीट दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतलं असेल तर? खालच्या मजल्यावरची शिंपीण येते अधूनमधून. पण नाही, नाटकातली गोष्ट नाटकवाल्यानेच वाचावी असा जुरेमाचा हट्ट, परक्याच्या तोंडून ती एक ओळ ऐकायची नाही. म्हणजे ती माझीच वाट बघत असणार. म्हणजे अजून माझ्या हातात होतं. या विचाराने मला केवढं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली, पण लाज जरा उशिरा वाटली हेही सांगून टाकतो. कुलूप-किल्ल्यांच्या दुकानापाशी टेकलो तेव्हा मला वाटलं, ही पोरगी एक दिवस उशिरा भेटली असती तर मी काहीच माहीत नसताना तो कागद उघडला असता, आणि जे तोंडातून निघालं असतं ते निघून गेलं असतं. आता मला ठरवावं लागणार होतं. आणि ठरवणं हा प्रकार मला आयुष्यात कधी झेपलेला नाही. माझं सगळं दुसऱ्यांनी लिहून दिलेलं.

त्या दिवसांत नाटक उघडण्याआधी एक रंगीत तालीम सरकारसाठी करावी लागे. पोशाख, दिवे, रंग, सगळं खऱ्या प्रयोगासारखं, फक्त थिएटर रिकामं, आणि मधल्या रांगेत सेन्सॉरची दोन माणसं, मांडीवर संहिता, हातात लाल पेन्सिल. ही तालीम कशी करायची याचं आमच्या लोकांनी शास्त्रच बनवलं होतं. वाईट करायची. जमेल तेवढी वाईट. धारदार वाक्य आलं की नेमकी कुणीतरी खुर्ची ओढायची. ज्या शब्दावर टाळी यायची तो शब्द खोकल्यात गिळायचा. रडण्याच्या जागी जांभई. सेन्सॉरचा डोळा लागला की नाटक पास, मग शुक्रवारी प्रेक्षक आले की खरं नाटक. आमच्यातल्या एकाने एकदा राजाचा खून इतक्या कंटाळ्याने केला की सेन्सॉरच कळवळून म्हणाला, "हरकत काही नाही, पण लोक येतील का हो याला?" आणि तिसरा अंक सुरू झाला की फॉयरमध्ये कॉफी आणि केक मांडायचा, म्हणजे साहेब लोक अहवाल लिहायला बसतील ते गोड तोंडाने. आमच्याकडे ते काम जुरेमाचं, कारण तिची भूमिका दुसऱ्या अंकात मरायची. मक्याच्या पिठाचा केक, वर बडीशेप. त्या दिवशी तिसऱ्या अंकात ती बाहेर केक कापत होती. तिने काही पाहिलं नाही, काही ऐकलं नाही. पंचेचाळीस वर्षं मी या केकवर जगलो.

नाटक साधं होतं. खेड्यातली शाळा, एक मास्तर, आणि वर्गातली मुलं एकेक करून यायची बंद होतात. का ते नाटकात कुणी बोलत नाही. त्या वर्षी आमच्या शहरात माणसं घरातून नेली जात होती आणि परत येत नव्हती, आणि त्याबद्दलही कुणी बोलत नव्हतं. तिसऱ्या अंकात मास्तर रिकाम्या बाकांसमोर उभा राहून हजेरी घेतो. सतरा नावं. संहितेत त्या पानावर दुसरं काही नाही, एकाखाली एक सतरा नावं आणि पडदा. जुरेमा आठवडाभर अन्सेल्मोच्या मागे लागली होती. "तो प्रवेश काढ. ते काही खुळे नाहीत. तुझ्या आईचं घर विकून हे नाटक उभं केलंयस, एका पानासाठी सगळं घालवशील." अन्सेल्मो हसायचा. त्याचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले, त्यामुळे तो हसला की नेहमी कुणाला तरी सामील करून घेतल्यासारखा वाटायचा. "अगं, नावं आहेत नुसती. नावांवर कोण पेन्सिल फिरवेल?" आणि तिच्यादेखत त्याने मला बजावलं होतं, "धोब्याची यादी वाचतोस ना, शर्ट दोन, चादर एक, तसं वाच. शुक्रवारी काय ते कर. उद्या तू नट नाहीस, उद्या तू कारकून." प्रयोगाआधी आम्ही एकमेकांना शुभेच्छा देत नाही, अपशकुन मानतात. आम्ही म्हणतो, "शेण!" त्या दिवशी त्याने सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "आज कुणी कुणाला शेण म्हणायचं नाही. आज प्रयोग नाहीये." सगळे हसले. मीही हसलो.

मी का हसलो कोण जाणे, कारण तासभर आधीच थिएटरच्या मालकाने माझ्या कानात सांगितलं होतं की टेलिव्हिजनचे किंतेला मागच्या रांगेत अंधारात येऊन बसणार आहेत. नवा चेहरा शोधतायत. शुक्रवारी त्यांना जमायचं नाही, रात्रीच्या विमानाने ते रिओला परत. मी सत्तावीस वर्षांचा होतो. भाड्याच्या खोलीत तिघांत मिळून एक कोट होता, ज्याला काम असेल त्याने घालायचा. मी अन्सेल्मोला सांगायला हवं होतं. नुसतं सांगितलं असतं तरी त्याने काहीतरी तोड काढली असती, किंतेलाला जेवायला नेलं असतं, मला त्याच्यापुढे उभं केलं असतं. तो तसाच होता. पण मी सांगितलं नाही, कारण तो म्हणाला असता, वाईट कर. आणि मला वाईट करायचं नव्हतं. पहिले दोन अंक मी नीट गिळले. तिसऱ्याच्या आधी विंगेत उभा राहून मी अगदी हळू, ओठांतल्या ओठांत, स्वतःलाच म्हणालो, "शेण."

"आदेलिना." मी नाव घेतलं आणि थांबलो. पहिल्या बाकाकडे बघितलं. कुणी 'हजर' म्हणत नाही म्हटल्यावर पुढचं नाव घ्यायचं, एवढंच. पण मी थांबलो. खरं म्हणजे दोन क्षण थांबायचं मनात होतं, तेवढ्यात किंतेलाला चेहरा दिसला असता. पण थांबल्यावर काहीतरी झालं. त्या बाकावर खरंच कुणीतरी असायला हवं होतं आणि नव्हतं. "बेंतो." पुन्हा थांबलो. "कासियानो." सातव्या-आठव्या नावापर्यंत मी किंतेलाला विसरलो होतो, हे मी शपथेवर सांगतो, पण माझ्या शपथेला विचारतो कोण? रिकामं थिएटर माझ्याबरोबर श्वास धरून होतं. विंगेत अन्सेल्मो उभा होता. आधी त्याने हाताने खूण केली, चल, उरक, उरक. मग खूण थांबली. सतराव्या नावानंतर मी किती वेळ उभा होतो मला सांगता येणार नाही. पडदा आपला कुणीतरी ओढला. असं काम मी त्याआधी केलं नव्हतं, त्यानंतरही केलं नाही. अन्सेल्मो माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा ओला होता. तो म्हणाला, "फार सुंदर केलंस, एव्हारिस्तो," आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून सेन्सॉरच्या माणसांना केक द्यायला बाहेर गेला. त्यात टोमणा होता का, हे मी वर्षानुवर्षं शोधत राहिलो. टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी केव्हाच सुटलो असतो.

बुधवारी तार आली, सबंध नाटकाला बंदी, कारण दिलेलं नाही. कारण देत नसतच. जुरेमाने त्या कोऱ्या जागेत आपलं कारण लिहिलं, अन्सेल्मोचा हट्ट, ती सतरा नावं. तिने मला स्वयंपाकघरात उभं करून विचारलं, "तू सांग. तू होतास तिथे. त्या प्रवेशामुळेच ना?" अन्सेल्मो दारातच होता. आणि मी म्हणालो, "काढायला हवा होता तो प्रवेश, अन्सेल्मो." ऐकलंत? तिला नाही म्हणालो, त्याला म्हणालो. त्याने माझ्याकडे बघितलं आणि काही बोलला नाही. तेव्हा नाही, पुढेही नाही. वर्षभरात ती दोघं वेगळी झाली. तो गावी, बाउरूला गेला, विकलेल्या घराच्याच गल्लीत भाड्याने राहिला, शिकवण्या करायचा, पुढे प्यायचाही. एक्क्याण्णव साली गेला. मला किंतेलांचं पत्र तार येण्याच्या आदल्याच दिवशी आलेलं होतं.

मग काय, मालिका. अठरा मालिका, नऊ चित्रपट, परदेशी सिनेमांना आवाज दिला ते वेगळंच. दुष्ट जमीनदार, दुष्ट वकील, दुष्ट काका. पैसा मिळाला, कोट मिळाले, दोन बायका मिळाल्या आणि गेल्या. टेलिव्हिजनवर थांबून चालत नाही. तिथे पहिल्याच दिवशी दिग्दर्शक ओरडला होता, "पाशेको, काय झोपलास? भर ती जागा!" मी भरत गेलो. पुढे पाठांतर होईना, तेव्हा कानात ते छोटं यंत्र आलं, आत बसलेली मुलगी वाक्य सांगते आणि आपण बोलायचं. वीस वर्षं माझ्या कानात कुणीतरी बोलत होतं. मी उत्तम काम करतो असं लोक म्हणत. पुरस्कारही आहेत घरात, धूळ बसते म्हणून कपाटात ठेवलेत. पण पुरस्कार घेताना दर वेळी मला वाटायचं की हे भलत्याच माणसाला देतायत, ज्याला द्यायचं तो त्या दिवशी रिकाम्या थिएटरात एकदा उभा राहिला आणि त्याने दुसऱ्याचं घर बुडवलं. दोन्ही एकाच वेळी, एकाच कामात. हे मी कुणाला सांगणार होतो? आणि जुरेमाशी मैत्री ठेवली ती तरी का? चांगुलपणा? छे. तिला कळलंय की नाही हे बघत राहायला सोपं जावं म्हणून, सुरुवातीला. मग तिची सवय झाली. मग माझं म्हणावं असं ती एकटीच राहिली.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. "आलास? कसला धापा टाकतोयस, बैलासारखा!" जुरेमा आतून म्हणाली. कापडी गाळणीतून कॉफी गळत होती. मेजावर तपकिरी पाकीट, बंद. "हात लावलेला नाही मी. सकाळपासून राखण करत बसलेय. बस. आधी कॉफी घे. नको, आधी वाच." तिने ठेवणीतला निळा ब्लाउज घातला होता. नाटकाला निघाल्यासारखी केस बांधून बसली होती आणि माझ्याकडे बघायचं म्हणून फ्रीजकडे बघत होती.

मी पाकीट फोडलं. पान एकच होतं. वर शिक्का, तारीख, नाटकाचं नाव, खाली सेन्सॉरच्या दोघांतल्या बाईची सही. मला ती आठवली, करड्या स्वेटरातली, शाळेतल्या बाईंसारखी. मी मजकुरावरून एकदा नजर फिरवली आणि माझे कान तापले. जुरेमा म्हणाली, "मनात काय वाचतोस? मोठ्याने." आणि माझ्या तोंडाने मोठ्याने वाचलं, "तिसऱ्या अंकातला हजेरीचा प्रवेश आक्षेपार्ह आहे. लेखकाचा हेतू स्पष्ट दिसतो. सबब परवानगी नाकारावी." अगदी सरकारी भाषा. अडखळलो नाही, काही नाही. काय नट आहे मी, पाहा.

जुरेमा म्हणाली, "म्हणजे माझंच खरं होतं." "हं." "मला वाटलं होतं, हे ऐकल्यावर बरं वाटेल." तिने मेजावरचा चुरा बोटाने गोळा केला. "गाढव होता रे. त्याला किती वेळा सांगितलं मी! पाया पडायची राहिले होते. एका पानासाठी बायको घालवली, घर घालवलं." मग तिने नाक पुसलं आणि आवाज बदलला. "बरं झालं कळलं. आता त्या पोरीला सांगते, नाटक कर, पण तो प्रवेश काढून टाक. त्या प्रवेशाने माझं वाटोळं केलंय. माझ्या हयातीत तो कुणी करायचा नाही. लिहून घे तसं, मी सही करते."

तिने ड्रॉवरमधून कागद काढून माझ्यापुढे ठेवला, पेनही. मी पेन उचललं. 'प्रिय ताइना' एवढं लिहिलंसुद्धा. आणि मला अन्सेल्मो दारात उभा दिसला, तसाच, काही न बोलता. तो प्रवेश गेला तर त्या माणसाचं काय राहत होतं? एक पान होतं, सतरा नावांचं, तेवढंच त्याने जगात केलेलं, आणि मी आता दुसऱ्यांदा ते फाडत होतो, तेही त्याच्या बायकोच्या हाताने. पोरगी सेन्सॉरचं पान फॉयरमध्ये लावणार आहे, म्हणजे आज ना उद्या जुरेमाला कळेलच, हा हिशेबही मनात येऊन गेला. तो हिशेब नसता आला तरी मी बोललो असतो, असं म्हणायला मला आवडेल.

"जुरेमा, मी चुकीचं वाचलं."

"म्हणजे? चष्मा नाही आणलास?"

"मुद्दाम चुकीचं वाचलं. असं लिहिलेलंच नाही इथे." आणि ती काही बोलायच्या आत मी वाचायला लागलो. "'संहितेबाबत हरकत नाही. तिसऱ्या अंकातील नावांची यादी निरुपद्रवी आहे. परंतु मास्तरची भूमिका करणारा नट प्रत्येक नावानंतर थांबतो. या थांबण्याने नावांना संहितेत नसलेला अर्थ येतो. नवव्या नावानंतर अधोस्वाक्षरीकर्तीला स्वतःला उत्तर द्यावेसे वाटले. विरामावर पेन्सिल फिरवता येत नाही. नट असेच काम करणार असेल तर संपूर्ण नाटकाला…'"

"थांब," जुरेमा म्हणाली. "रंगवू नकोस. सरळ वाच."

मी रंगवत होतो. माझं मलाच कळलं नव्हतं. उत्तर द्यावेसे वाटले, इथे माझा आवाज खाली उतरला होता आणि मी विराम घेतला होता, चांगला लांब. माझं कौतुक होतं ना ते. मी उरलेली ओळ कशीबशी सरळ वाचली आणि पान मेजावर ठेवलं. कॉफी घ्यायचं धाडस झालं नाही.

"त्याने तुला धोब्याची यादी वाच म्हणून सांगितलं होतं," ती म्हणाली. "माझ्यासमोर सांगितलं होतं."

"हो."

"मग?"

"किंतेला बसला होता. मागे. त्याला शुक्रवारी जमणार नव्हतं."

ती भिंतीकडे बघत राहिली, म्हणजे माझ्याकडे. "अन्सेल्मोला माहीत होतं?"

"किंतेलाचं नाही. मी कसं काम केलं ते त्याने पाहिलं. विंगेतच होता."

"आणि मला बोलला नाही. मी एवढं टाकून बोलायचे, रोज, उठताबसता, तरी बोलला नाही. तुला विचारलं होतं मी. त्या स्वयंपाकघरात. तू काय म्हणाला होतास, आठवतंय?"

"आठवतंय."

"म्हण."

"जुरेमा, नको."

"म्हण, म्हणते ना."

"काढायला हवा होता तो प्रवेश, अन्सेल्मो."

तिने मान हलवली, जणू पाठ बरोबर निघाला. खालून शिंपिणीच्या मशीनचा आवाज येत होता. मला वाटलं आता ती ओरडेल, कप फेकेल. तिने फेकावा असं मला मनापासून वाटत होतं. ती म्हणाली, "मी त्याच्या मातीला गेले नाही, एव्हारिस्तो. त्याच्या बहिणीचा फोन आला होता. बस होती, वेळ होता. मी म्हटलं, मी कशाला येऊ? त्याला नाटक प्यारं होतं, नाटकाला बोलवा." आणि मग तिला रडू आलं, पण आवाज नव्हता त्याला, नुसतं पाणी, आणि तिने ते पुसलं नाही.

मला क्षमा मागायची होती. खरंच मागायची होती. पण अठरा मालिकांत मी अठरा तऱ्हांनी क्षमा मागितलेली आहे, गुडघे टेकून, दारात उभं राहून, मरताना, फोनवर. कुठल्याही तऱ्हेने तोंड उघडलं तरी त्यातलीच एक निघाली असती, आणि जुरेमाने ती ओळखली असती. मी गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्याची तिथे कुणालाच गरज नव्हती.

बऱ्याच वेळाने ती उठली, कॉफीचं भांडं विसळलं, हात पुसले. "बाउरूची सकाळची बस किती वाजता असते? फोन करून विचार." मी स्टँडवर फोन लावला. सात वाजता होती, पाच तास. मी म्हणालो, "मी येतो ना उद्या. टॅक्सी घेऊन साडेपाचला खाली उभा राहतो. तुला एकटीला कशी…"

"तू यायचं नाहीस."

"अगं, दिसत नाही तुला."

"ड्रायव्हर चढवेल. तिथे त्याची बहीण येईल उतरवायला. तू यायचं नाहीस." आवाज चढलेला नव्हता. "त्या पोरीला मी फोनवर सांगेन, सगळं कर म्हणून. सगळे प्रवेश. ते पत्र फाड."

मी 'प्रिय ताइना' फाडलं. तिने दुसरा कागद पुढे केला आणि किराणा लिहायचा जाड काळा मार्कर. "बसची वेळ लिही. आणि फलाटाचा नंबर. मोठं लिही." मी लिहिलं, पानभर, दोनदा गिरवलं. तिने कागद उचलून डोळ्याच्या कडेला नेला, डाव्या, मग उजव्या, आणि थोडा दूर धरला. मी विचारलं, "वाचून दाखवू?"

"नको," ती म्हणाली. "हे मला वाचता येतंय. जा आता."